पडद्यावरील गाडीचे गणित आणि पेडण्याचा रस्ता

पेडणे-डिचोलीच्या तरुणांच्या भ्रमणध्वनीवर आणि संगणकावर मोटार शर्यतीचे खेळ आता नवे राहिलेले नाहीत. ‘ग्रॅन तुरिस्मो’ने १९९७ मध्ये जपानमध्ये सुरू केलेली परंपरा ‘फोर्झा होरायझन’सारख्या खेळांनी पुढे नेली. या खेळांत गाडी चालवण्याइतकेच महत्त्व तिच्या जुळणीला असते.

नवखा खेळाडू प्रथम इंजिनाची शक्ती वाढवतो आणि पहिल्याच वळणावर बाहेर फेकला जातो. ‘फोर्झा’त प्रत्येक गाडीला कमाल ९९९ पर्यंतचा क्षमतांक असतो व त्यावरून तिचा वर्ग ठरतो. सारा अंक शक्तीवर खर्च केला, तर पकडीसाठी काही उरत नाही. म्हणूनच जाणकार आधी टायर, ब्रेक आणि सस्पेन्शन सुधारतात, वजन घटवतात. इंजिनाकडे शेवटी वळतात.

त्यानंतर सूक्ष्म जुळणी येते. गिअरचे अंतिम गुणोत्तर वाढवले, की गाडी चटकन वेग घेते. मात्र तिचा कमाल वेग घटतो. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी वळणात बाहेर सरकत असेल, तर पुढील अँटी-रोल बार मऊ किंवा मागील कडक करतात. एका वेळी एकच बदल करून फेरी मारावी, वेळ नोंदवावी, हा शहाणा नियम.

हे शास्त्र खरे असले, तरी रस्ता पडद्यासारखा नसतो. पत्रादेवीहून येणारा महामार्ग असो वा साखळीकडील वळणे, पावसाळ्यात लाल माती वाहून आली की टायरची पकड कमी होते. वेग दुप्पट झाला, की ब्रेक लावल्यावर थांबण्याचे अंतर साधारण चौपट होते. पडद्यावर चूक झाली तर फेरी पुन्हा सुरू करता येते. येथे समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराला ती संधी नसते.

कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलात मनमानी बदल करण्यास मनाई करते. कलम १८२अ नुसार मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कर्णकर्कश सायलेन्सर बसवणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

तरीही खेळातला एक धडा घराबाहेर नेण्याजोगा आहे : आधी टायर आणि ब्रेक, मग वेग. झिजलेले टायर वेळीच बदलणे, हवेचा दाब तपासणे, ब्रेकची निगा राखणे, या सुधारणांना कोणताही कायदा आडवा येत नाही.