आडवी बाटली, उभी बाटली : दारूचा कायदा आणि गावाची संमती



दारू पिणं चांगलं की वाईट, हा आजचा विषय नाही. त्यावर कीर्तनकारांनी भरपूर सांगितलेलं आहे. आपला प्रश्न त्याहून लहान आहे, पण आम्हाला तो जास्त अवघड वाटतो. गावातलं सरकारमान्य दारूचं दुकान चालू राहायला कोणाची संमती लागते? ते बंद करायला कोणाची लागते? आणि जो माणूस काहीच बोलला नाही, त्याचं मत कोणत्या बाजूला धरायचं? गेल्या काही वर्षांत या कायद्यात बरेच बदल झाले, काही घोषणा झाल्या, काही मागे पडल्या. त्या सगळ्याकडे आपण या एका प्रश्नातून बघू.

सुरुवात कायद्याच्या नावापासून करू. महाराष्ट्रात दारूविक्री ज्या कायद्याखाली चालते त्याचं नाव आहे महाराष्ट्र दारूबंदी कायदा. मूळ नाव मुंबई दारूबंदी कायदा, १९४९. आता गंमत बघा. विक्रीचा कायदा, आणि नाव दारूबंदी! ही चूक नाही, कायद्याची रचनाच तशी आहे. आधी सगळ्याला बंदी केलेली आहे : बनवायला, बाळगायला, वाहून न्यायला, विकायला, प्यायला. मग एकेका गोष्टीला परवाना दिलेला आहे. आपण ज्याला ‘परमिट रूम’ म्हणतो, तिथलं परमिट फक्त मालकाचं नसतं, पिणाऱ्याकडेही असावं लागतं. एक दिवसाचं, वर्षाचं, आजीवन असे त्याचे प्रकार आहेत. किती जणांच्या खिशात ते असतं, हे तुम्ही आम्हाला सांगायची गरज नाही.

तत्त्वज्ञानाच्या भाषेत सांगायचं तर इथे बंदी हा नियम आहे आणि परवानगी हा अपवाद. रोजच्या व्यवहारात मात्र अपवादाचाच नियम झालेला आहे. हे कसं झालं?

मुंबई राज्यात हा कायदा १६ जून १९४९ पासून लागू झाला. मोरारजी देसाई तेव्हा गृहमंत्री होते. त्याला आव्हान दिलं गेलं आणि १९५१ साली बालसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा मोठा भाग वैध ठरवला. दारूचा अंश असलेली औषधं आणि प्रसाधनं यांच्यावरची बंदी मात्र रद्द केली. पण त्या वेळी आपण मुंबई राज्यात होतो कुठे? हिंगोली हैदराबाद संस्थानात, परभणी जिल्ह्यात. तिथे निजामाची अबकारी होती. शिंदी आणि मोहाच्या दारूचे गुत्ते लिलावाने जात आणि तिजोरीचा मोठा भाग त्यातून भरत असे. हैदराबाद मुक्तिसंग्रामात करोडगिरीच्या नाक्यांबरोबर शिंदीची झाडंही तोडली गेली, त्याचं कारण हेच. ते झाड म्हणजे सरकारी उत्पन्न होतं. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९५९ च्या विस्तार कायद्याने दारूबंदीचा कायदा आपल्याकडे लागू झाला.

पुढे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना बंदी सैल होत गेली. १९७३ मध्ये देशी दारूचे नियम आले आणि ‘सरकारमान्य देशी दारूचे दुकान’ ही पाटी रूढ झाली. १९९९ मध्ये १ मे रोजी हिंगोली जिल्हा झाला, तेव्हा पाच तालुक्यांबरोबर ही पाटीही वारशाने आली. म्हणजे कायदा बंदीचा आणि सवय अबकारीची, असं मिश्रण आपल्या वाट्याला आलेलं आहे.

आता पैशाकडे येऊ. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूची आहे. तिच्यातली आठवी नोंद दारूचं नियमन राज्याकडे देते, एक्कावन्नावी नोंद दारूवरचं उत्पादन शुल्क राज्याकडे देते. आणि अनुच्छेद ४७ त्याच राज्याला सांगतो की मादक पेयांना बंदी करण्याचा प्रयत्न कर. एकाच हातात झाडू आणि गल्ला दोन्ही! जीएसटी आल्यावर राज्यांचे बरेच कर त्यात गेले, पण पिण्याची दारू जीएसटीच्या बाहेर राहिली. त्यामुळे राज्याला आपल्या मर्जीने वाढवता येतील असे जे थोडे कर उरले, त्यात हा मुख्य.

जून २०२५ चा मंत्रिमंडळाचा निर्णय या नजरेने वाचा. भारतीय बनावटीच्या विदेशी दारूवरचं शुल्क निर्मितीखर्चाच्या तिप्पट होतं, ते साडेचारपट झालं. देशी दारूवरचं शुल्क प्रूफ लिटरमागे १८० रुपयांवरून २०५ रुपये झालं. ‘महाराष्ट्र मेड लिकर’ नावाचा धान्यापासूनच्या दारूचा नवा प्रकार काढला. १८० मिलिलिटरच्या बाटलीची किमान किंमत देशीला ८० रुपये, या नव्या प्रकाराला १४८, विदेशीला २०५ अशी ठरली. यातून वर्षाला सुमारे १४ हजार कोटी रुपये जास्त मिळतील, अशी अपेक्षा सांगितली गेली.

जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ च्या ‘ऑन लिबर्टी’मध्ये या जागेवर बोट ठेवलेलं आहे. दारू मिळणं अवघड व्हावं एवढ्याच हेतूने लावलेला कर ही कमी मात्रेतली बंदीच होय, असं त्याचं म्हणणं. पण सरकारला कर कुठून तरी घ्यायचाच असेल तर दारूवरून घ्यायला त्याची हरकत नव्हती. आपल्या बाबतीत साधी कसोटी लावा. कराचा हेतू पिणं कमी करणं असेल, तर उत्पन्न घटलं की सरकारला आनंद व्हायला हवा. उत्पन्न घटल्यावर चिंता वाटत असेल, तर हेतू दुसरा आहे. त्यात पाप आहे असं आम्ही म्हणत नाही. शाळा-दवाखाने त्याच पैशातून चालतात. पण ज्याला दुकानातून उत्पन्न आहे, त्यानेच दुकान बंद करण्याचे नियम लिहायचे असतील, तर ते नियम आपण जरा बारकाईने वाचायला हवेत.

गावाने दुकान बंद करण्याचा नियम आहे. २५ मार्च २००८ च्या आदेशाने त्याची पद्धत ठरली. गावातल्या एकूण मतदारांपैकी, किंवा फक्त महिला मतदारांपैकी, किमान २५ टक्के जणांनी सह्यांचं निवेदन द्यायचं. उत्पादन शुल्क खातं सह्या तपासतं. मग जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं : आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी बाटली म्हणजे दुकान चालू. अक्षर न येणाऱ्या म्हातारीलाही कळेल असं हे चिन्ह आहे. फक्त महिलांच्या मतदानाची सोय ठेवणं हीसुद्धा मोठी गोष्ट आहे. न पिणाऱ्यालाही त्या पिण्याची किंमत मोजावी लागते, हे कायद्याने त्यातून मान्य केलेलं आहे.

मेख पुढे आहे. बाटली आडवी व्हायला निम्म्यापेक्षा जास्त मतं लागतात, पण ती झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्यापेक्षा जास्त.

हिशेब करून बघू. समजा, एका गावात १,२०० महिला मतदार आहेत. निवेदनाला ३०० सह्या लागतील, आणि बाटली आडवी करायला ६०१ मतं. मतदानाला ७५० बाया आल्या. ५९० जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, १६० जणींनी उभ्या बाटलीवर. निकाल काय? दुकान चालू. ५९० हरल्या आणि १६० जिंकल्या. कशा? तर ज्या ४५० जणी आल्याच नाहीत, त्यांना कायद्याने उभ्या बाटलीच्या रांगेत नेऊन उभं केलं.

आणि या ४५० कोण असतात? आपल्या जिल्ह्यात हे सांगायला नको. दिवाळी झाली की सेनगाव, कळमनुरी, औंढा या भागातली कुटुंबं ऊसतोडीला, वीटभट्टीवर निघतात. काही पुण्या-मुंबईला कायमच्या गेलेल्या, पण नाव गावात. काही लेकी लग्न होऊन सासरी गेलेल्या, नाव अजून माहेरच्या यादीत. आणि काही मयत. म्हणजे या पद्धतीत मेलेली बाईसुद्धा दुकानाच्या बाजूने मत देते. नवऱ्याच्या दारूपायी उचल वाढली म्हणून कोयता घेऊन जी बाहेर पडली, तिचं मतही दुकानाच्याच बाजूला जमा.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. मोठा निर्णय असेल तर अट कडक हवीच. राज्यघटना बदलायची तर अनुच्छेद ३६८ प्रमाणे सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचं बहुमत लागतं. तिथेही गैरहजर सदस्य मोजलाच जातो. बरोबर आहे. पण खासदाराला हजर राहण्यासाठीच निवडलेलं असतं. ऊसतोड मजुराच्या हातात हजर राहणं नसतं. शिवाय कडक अट आपण कशाभोवती लावतो? जे जपायचं आहे त्याच्याभोवती. दारूचा धंदा हा काही मूलभूत हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या खोडे डिस्टिलरीज खटल्यात स्पष्ट केलेलं आहे. मग ज्याला हक्काचा दर्जा नाही, त्याला घटनेसारखी तटबंदी कशासाठी? आणि दुसरी बाजू बघा. दुकान पुढच्या वर्षी चालू राहायला काय लागतं? शुल्क भरून परवान्याचं नूतनीकरण. त्यासाठी गावात मतदान होत नाही.

दुसरा आक्षेप : दुकान बंद केलं की हातभट्टी येते. हाही खरा आहे. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून बंदी झाली आणि २०२१ मध्ये ती उठवली. अवैध दारू वाढली, हे कारण सरकारने दिलं. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, आणि मुंबईत तर दारूबंदी नव्हतीच. तेव्हा हातभट्टीचा प्रश्न अंमलबजावणीचा आहे. तो बंदी असताना येतो तसा नसतानाही येतो. त्यासाठीच २०१६ च्या सुधारणेने ग्रामरक्षक दलाची तरतूद आली. ते दल कागदावर राहतं की रात्री गावातून फिरतं, यावर पुढचं अवलंबून आहे.

गावाला न विचारता दुकान हलतं तेव्हा काय होतं, तेही आपण पाहिलं. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून ५०० मीटरच्या आतली दुकानं बंद करायला सांगितली. वीस हजारांपेक्षा कमी वस्ती असेल तिथे हे अंतर पुढे २२० मीटर केलं. हेतू अपघात टाळण्याचा होता. पण राज्यात ठिकठिकाणी रस्त्यावरची दुकानं वस्तीत सरकू लागली आणि बायांना रस्त्यावर यावं लागलं. शहराला मात्र आता थोडं ऐकलं जातंय. मार्च २०२५ मध्ये विधानसभेत जाहीर झालं की गृहनिर्माण सोसायटीच्या आवारात नवं दुकान काढायचं तर सोसायटीची ना-हरकत लागेल. तिथे तत्त्व बदललेलं दिसतं : संमती आधी, दुकान नंतर. शेजारच्या नांदेडात किनवटचा भाग अनुसूचित क्षेत्र आहे. तिथे पेसा कायद्याने मादक पदार्थांच्या नियमनाचा अधिकार ग्रामसभेकडे आहे. आपल्या कळमनुरीत आंध आदिवासींची मोठी वस्ती असूनही हिंगोली जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, म्हणून तो अधिकार इथे पोचत नाही.

संमती आधी हवी हा विचार काही नवा नाही. १८८० साली जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. शहरात दारूची दुकानं वाढत असताना त्यांनी पालिकेच्या अध्यक्षांना पत्र लिहून हरकत घेतली होती.

मग मागणी काय करायची? आमच्या मते तीन गोष्टी पुरेशा आहेत. एक, निकाल झालेल्या मतदानावर ठरावा. हवं तर मतदानाची किमान टक्केवारी ठेवा, म्हणजे पन्नास माणसं गावाचा निर्णय करणार नाहीत. दोन, स्थलांतराच्या हंगामात हे मतदान घेऊ नये. तीन, ठरावीक वर्षांनी नूतनीकरणाच्या वेळी गावाला विचारावं, म्हणजे सिद्ध करण्याचा भार एकट्या बायांवर राहणार नाही. यात कोणाच्या पिण्यावर बंदी नाही. नर्सीच्या नामदेवांच्या या मुलखात गळ्यात माळ घालणारा आपल्या मनाने दारू सोडतो. ते व्रत त्याचं. कायद्याने तसं व्रत कोणावर लादू नये. पण दुकान ही सार्वजनिक गोष्ट आहे, आणि ती कुठे असावी हे विचारणं म्हणजे कोणाच्या घशात हात घालणं नव्हे.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोपर्यंत ज्या गावात सह्यांची तयारी चालू आहे, तिथल्या भगिनींना एवढंच सांगू : सह्यांच्या आधी मतदार यादी हातात घ्या. मयतांची नावं कमी करून घ्या, सासरी गेलेल्या लेकींची नावं तिकडे नोंदवून घ्या. निवेदन अशा बेताने द्या की मतदान पावसाळ्यात, ऊसतोडीची माणसं गावात असताना येईल. वरच्या उदाहरणात यादीतून शंभर खोटी नावं कमी झाली असती, तर ५५१ मतं पुरली असती, आणि मिळालेली तर ५९० होती. तेवढ्याने बाटली आडवी झाली असती.

आता प्रश्न असतील तर विचारा.