दोन भांडी, एक जाळ

पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघाले, की हडपसर मागे पडल्यावर लोणी काळभोर येते. इथे पेट्रोलियम पदार्थांची मोठी आगारे आहेत आणि रस्त्याच्या कडेला टँकरच्या रांगा असतात. आत गावात शिरले, की कालव्याच्या पाण्यावरचा ऊस दिसतो. आमच्या घरी गॅस येऊन तीस वर्षे झाली, तरी मागच्या अंगणातली चूल रोज पेटते. आईची भाकरी आणि सर्वांच्या अंघोळीचे पाणी अजून तिथेच होते.

गेल्या वर्षी भावाने स्वयंपाकघर नव्याने बांधायला काढले. वहिनी केक आणि नानकटाई उत्तम करते, थोड्याफार ऑर्डरीही घेते. तिने मला विचारले, "भाऊजी, ओव्हन एका कप्प्याचा घ्यावा की दोन कप्प्यांचा? दुकानदार म्हणतो, दोन कप्प्यांचाच घ्या, दोन कामे एकदम होतात आणि वीज तेवढीच लागते."

मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "माझ्या चुलीला दोन जागा आहेतच की. पण वैल रिकामा राहिला, तर दुसऱ्या जागेचा उपयोग काय?"

वहिनीच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर या वाक्यात होते. उरलेल्या निम्म्यासाठी थोडे पदार्थविज्ञान लागते. ते शाळेतल्या उष्णतेच्या धड्यापलीकडचे नाही.

वैलाचे काम

शहरातल्या विद्यार्थ्यांना वैल म्हणजे काय ते सांगावे लागेल. चुलीवर मुख्य भांडे ठेवतात, तिथे खाली जाळ असतो. त्याच्या शेजारी किंवा मागे आतून भोकाने जोडलेली आणखी एक जागा असते. तो वैल. काही भागांत त्याला औल म्हणतात. वैलाला स्वतःचा जाळ नसतो. मुख्य भांड्याला तापवून पुढे निघालेले गरम वायू वैलाखालून जातात आणि जाता जाता तिथले भांडे तापवतात.

ही उरलेली उष्णता किती असते? पाच लिटर पाणी 25 अंश सेल्सियसपासून उकळीपर्यंत न्यायला 5 × 4.18 × 75, म्हणजे सुमारे 1,570 किलोज्यूल उष्णता लागते. एक किलो वाळलेल्या लाकडातून साधारण 16,000 किलोज्यूल मिळतात. म्हणजे शंभर ग्रॅम लाकूड पुरायला हवे. साध्या चुलीवर प्रत्यक्षात त्याच्या सात ते दहापट लाकूड जाते, कारण उष्णतेचा दहा ते पंधरा टक्के भागच भांड्यात शिरतो. काही उष्णता चुलीच्या मातीत मुरते, काही तोंडातून बाहेर पडते, काही न जळलेल्या धुरात वाया जाते, आणि मोठा वाटा गरम वायूंबरोबर निघून जातो. वैल यातल्या शेवटच्या वाट्यातून थोडे परत मिळवतो.

मात्र ही उष्णता वेगळ्या प्रतीची असते. पहिल्या भांड्याला स्पर्श करून गेलेले वायू पुष्कळ निवलेले असतात. उष्णता किती वेगाने भांड्यात जाईल, हे वायू आणि भांडे यांच्या तापमानातील फरकावर अवलंबून असते. फरक कमी झाला, की वेगही कमी होतो. म्हणून वैलावर भाकरी होत नाही. तव्याला शंभर अंशांच्या बरेच वरचे तापमान लागते. पण आमटी शिजायला ते लागत नाही. पाणी उघड्या भांड्यात शंभर अंशांच्या आसपास उकळते. एकदा उकळी आली, की खाली कितीही जाळ घातला तरी डाळ अधिक लवकर शिजत नाही, फक्त वाफ अधिक होते. आणि एक किलो पाण्याची वाफ करण्यात 2,257 किलोज्यूल खर्च होतात. उकळी टिकवायला भांड्यातून निघून जाणाऱ्या उष्णतेची भरपाई झाली, की पुरे.

आई नेमके हेच करते. आमटीला मुख्य जाळावर उकळी आणायची, मग ती वैलावर सरकवायची आणि जाळावर तवा चढवायचा. तव्यावरची भाकरी चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या आरावर शेकायची. एका जाळातून तीन प्रतींची उष्णता तीन कामांना वाटली जाते.

हिशेब कुठे फिरतो

मग दोन भांड्यांची चूल नेहमीच चांगली का? एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, एका भांड्याची सुधारित चूल लाकडातील 18 टक्के उष्णता भांड्यात पोहोचवते. दुसऱ्या चुलीला दोन जागा आहेत. तिचे पहिले भांडे 15 टक्के घेते आणि दुसरे 6 टक्के. दोन्ही भांडी भरलेली असली, की बेरीज 21 होते, आणि दोन भांड्यांची चूल जिंकते. पण दुसरी जागा रिकामी राहिली, तर हाती फक्त 15 उरतात, आणि एका भांड्याची चूल पुढे जाते. दुसरी जागा निम्मा वेळ वापरात असेल, तर सरासरी 18 येते, म्हणजे बरोबरी. या उदाहरणात निवड एकाच प्रश्नावर येऊन थांबते: दुसरे भांडे निम्म्याहून अधिक वेळ भरलेले राहणार आहे का?

आणखी एक अडचण आहे. गॅसच्या शेगडीवर दोन बर्नर म्हणजे दोन स्वतंत्र जाळ असतात. एक मोठा ठेवून दुसरा मंद करता येतो. वैलाला असे स्वातंत्र्य नाही. मुख्य जाळ विझला, की वैलही थंड. त्यामुळे ज्या कामाला घाई नाही, अशाच कामाला तो उपयोगी पडतो. अंघोळीचे पाणी, दूध, शिजत ठेवलेली डाळ ही ती कामे. आईच्या वैलावर पाण्याचा हंडा नेहमी का असतो, हे यावरून समजावे.

तज्ज्ञांना मिळालेला धडा

वैलाची युक्ती शास्त्रज्ञांनीही उचलली. वर्ध्याच्या मगनवाडीत 1940च्या दशकात मगन चूल पुढे आली. तिच्यात एका जाळावर अनेक भांडी आणि धूर बाहेर नेणारे धुरांडे अशी रचना होती. 1983 साली केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि 2002 साली तो बंद होईपर्यंत देशात तीन कोटींहून अधिक चुली वाटल्या गेल्या. महाराष्ट्रात डॉ. आनंद कर्वे यांनी 1996 साली पुण्यात स्थापन केलेल्या 'आरती' या संस्थेने अशा चुलींवर बरेच काम केले.

एवढे होऊनही अनेक चुली काही वर्षांतच मोडल्या किंवा बिनवापराच्या पडल्या. बायकांनी लांब लाकूड जावे म्हणून तोंडे रुंद केली. धुरांडी काजळीने भरली आणि साफ झाली नाहीत. प्रयोगशाळेत दोन्ही भांडी पाण्याने भरलेली असतात, लाकूड सारख्या तुकड्यांत तोडलेले असते आणि भाकरी कोणी करत नसते. घरात लाकूड वेडेवाकडे असते, भांडी लहानमोठी असतात, आणि आर ओढायला तोंडाशी जागा लागते. मोजमापे खोटी नव्हती, पण ती वेगळ्याच स्वयंपाकाची होती.

यात आरोग्याचाही प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील इंधनाच्या धुरामुळे 2020 साली जगात सुमारे 32 लाख मृत्यू झाले. चूल कमी लाकूड खाते म्हणून ती कमी धूर करते, असे मात्र धरून चालू नये. थंड भांडे ज्योतीच्या फार जवळ आणले, तर ज्योत निवते, ज्वलन अपुरे राहते आणि काजळी वाढते. भांड्यात जाणारी उष्णता आणि खोलीत साठणारा धूर या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजाव्या लागतात. वैल उघडा राहिला, तर धूर सरळ खोलीत येतो, हेही विसरू नये.

आता ओव्हन

दोन कप्प्यांचा ओव्हन दिसायला वैलाच्या चुलीसारखा, पण प्रत्यक्षात तो दोन बर्नरच्या शेगडीचा भाऊ आहे. प्रत्येक कप्प्याला स्वतःची तापणारी तार आणि स्वतःचा थर्मोस्टॅट असतो. वरचा कप्पा खालच्याच्या उरलेल्या उष्णतेवर चालत नाही. म्हणून 'वीज तेवढीच' हे दुकानदाराचे म्हणणे टिकत नाही. दोन्ही कप्पे प्रत्येकी अडीच किलोवॅटचे असतील, तर एकत्र पाच किलोवॅट होतात. 230 व्होल्टला सुमारे 22 अँपिअर प्रवाह लागेल. घरातला मोठा प्लग 16 अँपिअरचा असतो. म्हणजे वेगळी वायरिंग आली.

ओव्हन आधी स्वतःला तापवतो. समजा, आतल्या पोलादाचे वजन 10 किलो आहे आणि ते 25 वरून 200 अंशांवर न्यायचे आहे. पोलादाची विशिष्ट उष्णता किलोमागे अंशाला सुमारे अर्धा किलोज्यूल धरली, तर 875 किलोज्यूल लागतात. एक किलो केकचे मिश्रण तापवायला आणि त्यातले थोडे पाणी उडवायला याच्या साधारण निम्मी उष्णता पुरते. अर्धवट भरलेल्या ओव्हनमध्ये आपण केकपेक्षा भिंतीच अधिक भाजतो!

भिंतींतून गळणारी उष्णता पृष्ठफळाच्या प्रमाणात असते. इथे भूमितीची मदत घेऊ. 60 लिटरचा एक घनाकृती कप्पा आणि 30 लिटरचे दोन वेगळे घनाकृती कप्पे घ्या. पृष्ठफळ काढले, तर दोन लहान कप्प्यांचे मिळून मोठ्याच्या 1.26 पट भरते. पण एकाच लहान कप्प्याचे 0.63 पट. म्हणजे रोज थोडेसेच भाजायचे असेल, तर लहान कप्पा बरा. दोन कप्पे तेव्हाच कामाचे, जेव्हा एकाच वेळी दोन निराळी तापमाने हवी असतात, किंवा एरवी त्यांपैकी एकच लहान कप्पा चालवायचा असतो.

वर्गात करून पाहा

दोन भांड्यांची चूल मिळत असेल, तर उघड्या जागेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली हा प्रयोग करावा. लाकूड वजन करून घ्या. दोन्ही भांड्यांत मोजून पाणी घाला आणि दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवा. उकळी येण्यापूर्वी थांबा, नाहीतर वाफेचा हिशेब चुकतो. उरलेले लाकूड पुन्हा वजन करा; निखारे शिल्लक राहतात, तेवढी चूक उत्तरात राहील. पाण्याचे किलोतील वस्तुमान × 4.18 × तापमानातील वाढ हे प्रत्येक भांड्यासाठी काढून बेरीज करा आणि जळालेल्या लाकडाचे किलो × 16,000 याने भागा. मग वैलावर रिकामे भांडे झाकण ठेवून प्रयोग पुन्हा करा. दोन्ही उत्तरांतील फरक हेच वैलाचे मोल.

वहिनीने दोन आठवडे वही ठेवली. एकाच वेळी दोन निराळी तापमाने हवी होती, असे तीनदाच झाले, आणि त्यातही केक आणि नानकटाई यांच्या तापमानांत फारसा फरक नव्हता. तिने पंखा असलेला, दोन जाळ्यांचा, एका कप्प्याचा ओव्हन घेतला. वाचलेल्या पैशांत भर घालून भावाने छतावर सौर बंब बसवला, कारण वैलावरचे सर्वांत मोठे काम अंघोळीच्या पाण्याचे होते. चूल आता सकाळी तासभर पेटते, पूर्वी तीन तास पेटायची. आईचा खोकला थांबला असे मी म्हणणार नाही, पण धुरात बसण्याचे तिचे दोन तास तरी कमी झाले.

वैलावर हंडा अजून असतो. "आता ऊन आहे ना पाणी तापवायला?" असे मी विचारले, तेव्हा आई म्हणाली, "पावसाळ्यात बघू."