देव देईल, पण…

मंडळी, ‘देव देईल’ असं आपण सहज म्हणतो. पण म्हणून स्वस्थ बसायचं, की हाताशी आहे ते आधी वाटायचं? पंडिता रमाबाईंनी ह्याचं उत्तर आपल्या पुणे भागातच करून दाखवलं.

रमाबाईंचे आईवडील दुष्काळातच गेले. भूक म्हणजे काय, हे त्या जाणून होत्या. १८८३ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. विधवा-मुलींसाठी १८८९ मध्ये मुंबईस काढलेलं शारदा सदन पुढच्याच वर्षी पुण्यास आलं. खर्चाला अमेरिकेतल्या हितचिंतकांची मदत होती, पण दहा वर्षांपुरतीच.

१८९६-९७ च्या दुष्काळात बाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुली-बाया घेऊन आल्या. त्यांना पुण्याजवळ केडगावच्या माळावर आसरा दिला. १८९८ मध्ये मदतीची मुदत संपली. हिशेबी माणसानं दार लावून घेतलं असतं. बाईंनी १९०० च्या दुष्काळात आणखी मुली घेतल्या. खाणारी तोंडं सुमारे दीड हजार झाली!

बाई रोज प्रार्थना करीत, देणग्याही येत. पण प्रार्थनेबरोबर विहिरी खणल्या, शेती केली, गुरं पाळली, मुलींना विणकाम आणि छपाई शिकवली. धूळवाफेवर पेरणारा शेतकरी पावसावर भरवसा ठेवतो, पण बी मुठीत धरून बसत नाही. बाईंचा भरवसा तसाच होता.

१९२२ साली बाई निवर्तल्या. केडगावचं मुक्ती मिशन आजही चालू आहे.