मागावरच्या माणसाला हलवताना

संगणकावरचा खेळ तयार करायचा म्हटले की पहिला प्रश्न 'कथा कोणती?' हा असावा, असा माझा भाबडा समज होता. प्रत्यक्षात पहिला प्रश्न निघाला तो असा, की खेळातला माणूस हलवायचा कशाने? या प्रश्नाच्या पायी माझी एक दिवाळीची सुटी वाया गेली. आपल्या महाविद्यालयातले आणखी दोघे-तिघे या छंदाला लागले आहेत असे कानावर आले, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझा खेळ अगदी लहान आहे. आंधळगावातला एक विणकर खड्डामागावर बसून कोशाचे कापड विणतो आहे. मधूनच ताण्यातला धागा तुटतो. खेळणाऱ्याने तो वेळेत सांधायचा, नाहीतर कापडात खोट राहते. आमच्या घरी माग होता आणि बाबा त्यावर बसत, त्यामुळे विषय शोधायला कुठे जावे लागले नाही. गावात मागांचा आवाज आता पूर्वीसारखा येत नाही. तो आवाज आणि ती हालचाल कुठेतरी उतरवून ठेवावी, एवढाच हेतू होता.

माणूस हलवण्याच्या मुख्य रीती दोन. पहिली रीत म्हणजे प्रत्येक क्षणाचे वेगळे चित्र काढायचे आणि ती चित्रे भराभर दाखवायची. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ च्या सुमारास 'अंकुराची वाढ' या लघुपटासाठी वाटाण्याचे रोप ठराविक वेळाने टिपत नेले आणि पडद्यावर ते रोप डोळ्यांदेखत वाढताना दिसले. तत्त्व तेच. दुसरी रीत कळसूत्री बाहुलीची. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर कलावंत बाहुलीचे अवयव सांध्यांनी जोडतात आणि सूत्र ओढून हलवतात. त्याच परंपरेतले परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. संगणकात सूत्राच्या जागी 'हाडे' असतात. चित्राचे तुकडे हाडांना बांधायचे, हाड वळवले की तुकडा वळतो. दोन ठळक अवस्था आपण ठरवून द्यायच्या, मधल्या अवस्था यंत्र भरून काढते.

पहिल्या रीतीसाठी 'एसप्राइट' हे ठिपक्यांच्या चित्रांचे सॉफ्टवेअर छंदी मंडळींत फार वापरले जाते. ते विकत घ्यावे लागते, पण त्याच्या जुन्या मुक्त आवृत्तीवरून निघालेले 'लिबरस्प्राइट' फुकट आहे आणि जुन्या यंत्रावरही कुरकुर न करता चालते. ज्यांच्या घरी माग आहे त्यांना ही रीत परकी वाटू नये. काठाची नक्षी चौकटीच्या कागदावर घर मोजून उतरवतात, तसेच हे. ब्रशाने रंगवल्यासारखे चित्र हवे असेल तर 'क्रिटा' आहे. तेही मुक्त आहे आणि २०१६ पासून त्यात चित्रमालिकेची सोय आहे.

दुसऱ्या रीतीत 'स्पाइन' हे नाव सर्वांच्या तोंडी असते. ते खास खेळांसाठीच घडवलेले आहे आणि उत्तम आहे, पण त्याच्या दोन आवृत्त्या आहेत हे आधी ध्यानात घ्यावे. चित्राला जाळीसारखे ताणून वाकवण्याची सोय स्वस्त आवृत्तीत नाही. 'गोडो' हे खेळ बांधण्याचेच मुक्त साधन. त्यात सपाट चित्राला हाडे घालण्याची व्यवस्था आहे, म्हणजे बाहुली आणि रंगमंच एकाच पेटीत. 'ब्लेंडर' २००२ पासून मुक्त आहे. तिन्ही मितींत मूर्ती घडवायची असेल तर छंदी माणसाने दुसरीकडे बघूच नये असे माझे मत आहे. मात्र त्याच्या नव्या आवृत्त्या जुन्या ग्राफिक्स कार्डावर उघडतच नाहीत. तीनशे एमबीच्या वरची फाईल उतरवण्याआधी यंत्र तपासलेले बरे. 'मिक्सामो' नावाच्या संचात चालणे, धावणे, मारामारी अशा तयार हालचाली मिळतात, पण त्या दोन पायांच्या मनुष्याकृतीपुरत्या. मागावर बसलेला विणकर मला तिथे सापडला नाही. सापडला असता तरच नवल!

आता माझी फजिती. मी निवडलेले पहिले सॉफ्टवेअर (नाव सांगत नाही, दोष माझाच होता) महिनाभर फुकट वापरता येत होते. महिना संपला आणि नऊ दिवसांचे काम त्याच्या स्वतःच्या फायलीत कुलूपबंद झाले. ती फाईल दुसरे कोणतेही सॉफ्टवेअर वाचेना. म्हणून आता पहिल्या दिवशी मी चित्र काढीतच नाही. दोन काड्यांचा माणूस करतो, त्याचा एक हात हलवतो आणि तो खेळात नेऊन पाहतो. सपाट चित्रे साध्या पीएनजीत बाहेर पडतात का, त्रिमितीची मूर्ती जीएलटीएफ या खुल्या स्वरूपात निघते का, एवढे कळले की पुढचे ठरते. जीएलटीएफ ब्लेंडर लिहितो आणि गोडो वाचतो.

दुसऱ्या खेपेला मी ठिपक्यांची चित्रे धरली. विणकर समोरून दिसतो आणि मागाखालचा खड्डा कापून उघडा दाखवला आहे, म्हणजे पायही दिसतात. धोटा उजवीकडून डावीकडे जाण्याची बारा चित्रे, परत येण्याची बारा, अशी चोवीस चित्रे झाली. बाजू २५६ ठिपक्यांची धरली तर एक चित्र स्मृतीत २५६ केबी जागा घेते, म्हणजे चोवीसांना ६ एमबी. फोनला हे काही जड नाही. जड गेले ते दुसरेच.

चित्रे फिरवून मी बाबांना दाखवली. त्यांनी दोनदा पाहिले, मग म्हणाले, "हात आधी जात नाही रे. आधी पाय जातो."

खरेच होते. पावडी दाबली की ताण्याचे धागे वर-खाली होऊन वाट उघडते, त्या वाटेतून धोटा जातो, मग फणी ठोकायची. माझ्या चित्रांत हात आणि पाय एकदमच हलत होते. उघडलेली वाट नसताना धोटा फेकला तर धागे तुटतील, हे घरात जन्म काढून मला सुचले नव्हते. दुरुस्तीला चोवीसपैकी वीस चित्रे नव्याने काढावी लागणार होती.

तेव्हा मी गोडोतल्या हाडांकडे वळलो. माणसाचे अकरा तुकडे केले. ते ५१२ ठिपक्यांच्या एका चौकोनात मावले, म्हणजे जागा १ एमबी. पाय आधी न्यायचा तर पायाच्या ठळक अवस्था काळरेषेवर थोड्या मागे सरकवायच्या, बस्स. चित्राला हात लावावा लागत नाही. सॉफ्टवेअर निवडताना 'यात चित्र किती सुंदर निघते?' असे आपण विचारतो. 'चूक कळल्यावर ती सुधारायला किती रात्री लागतील?' हा प्रश्न मला त्याहून महत्त्वाचा वाटू लागला आहे.

पण हाडांच्या रीतीचाही एक दोष सांगितलाच पाहिजे. यंत्र मधल्या अवस्था इतक्या गुळगुळीत भरते की माणूस पाण्यात पोहतो आहे असे वाटते. फणी ठोकताना हात हळू उचलला जातो आणि एकदम खाली येतो. त्यासाठी गतीची वक्ररेषा हाताने वाकवावी लागते. धोट्याच्या बाबतीत तर मी यंत्राची भरणी बंदच केली आणि तीन ठिकाणची तीन चित्रे ठेवली. डोळ्याला तो तसाच दिसतो. तेव्हा दोन्ही रीती एकाच खेळात नांदू शकतात, आणि चेहऱ्यासारख्या ठिकाणी तर नांदाव्यातच, असे मी म्हणेन.

माझ्या खेळात सध्या पाय, धोटा, फणी हा क्रम नीट बसला आहे. धागा सांधण्याची बोटे राहिली आहेत. अकरा तुकड्यांत बोटे वेगळी केलेली नव्हती. बाबांनी तुटलेला धागा चिमटीत धरून पीळ कसा देतात ते चार वेळा करून दाखवले. पाचव्यांदा मी ते फोनवर टिपून ठेवले आहे.