रस्त्याकडेची झाडं : टाकळा की कासविंदा?

श्रावण सरत आला की घोडबंदर रस्त्याच्या कडेला, ठाकुर्लीजवळ रुळांलगत, कल्याण-शिळ रस्त्यावरच्या रिकाम्या भूखंडांवर पिवळ्या फुलांची कमरेएवढी झाडं माजलेली दिसतात. नाव विचारा, बहुतेक जण छातीठोकपणे ‘टाकळा’ म्हणतील. बऱ्याचदा ते बरोबरही असतं. पण त्याच गर्दीत कासविंदाही उभा असतो आणि दोघांची फुलं पाच पाकळ्यांची, पिवळीच. तेव्हा आज फुलाकडे बघायचंच नाही. पान हातात घ्यायचं.

पूर्ण वाढलेलं पान निवडा. टाकळ्याच्या पानात पर्णिकांच्या तीन जोड्या असतात, शेंड्याची जोडी सर्वांत मोठी. प्रत्येक पर्णिका टोकाकडे रुंद आणि गोलसर. कासविंद्याला साधारण चार-पाच जोड्या, पर्णिका टोकाला निमुळत्या. पान चुरडलं की उग्र घाण वास येतो, पण वासावर विसंबू नका. टाकळाही काही अत्तर नव्हे. खरी खूण देठावर आहे. कासविंद्याचा देठ खोडाला जिथे चिकटतो, तिथे बुडाशीच एक काळपट फुगीर ठिपका असतो. ही मधुग्रंथी. टाकळ्याच्या देठाचं बूड मात्र स्वच्छ. त्याच्या ग्रंथी वर, खालच्या पर्णिकांच्या बेचक्यात, बारीक काडीसारख्या उभ्या. दिसत नसतील तर मुंग्या कुठे घुटमळतात ते पाहा.

शेंगा आल्या की प्रश्नच मिटतो. टाकळ्याची शेंग लांब, बारीक, विळ्यासारखी वाकलेली. कासविंद्याची चपटी, मधे तपकिरी आणि दोन्ही कडांना फिकट.

एवढी चिरफाड कशाला? टाकळा आपण खातो. पहिल्या पावसानंतर मुरबाड-शहापूरकडच्या आदिवासी बायका कल्याण स्टेशनबाहेर कोवळ्या पाल्याचे वाटे लावतात. त्या चुकत नाहीत. चुकतो तो मोबाइलवर पाककृती वाचून पिशवी घेऊन निघालेला हौशी माणूस. कासविंद्याच्या बिया विषारी आहेत. पश्चिम उत्तर प्रदेशात हिवाळ्याच्या तोंडावर लहान मुलं अचानक बेशुद्ध पडून दगावत. बरीच वर्षं हा विषाणूचा मेंदूज्वर समजला जाई. 2007 च्या सुमारास तिथल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं, की मुलांनी खेळता खेळता कासविंद्याच्या शेंगा खाल्ल्या होत्या. यकृत, स्नायू आणि मेंदू, तिन्हींवर हल्ला. 2016 मध्ये ओडिशातल्या मलकानगिरीतल्या बालमृत्यूंच्या तपासातही याच झाडाकडे बोट दाखवलं गेलं. म्हणून सोसायटीच्या कुंपणालगत मुलं खेळत असतील तर शेंगा धरण्याआधी तो उपटलेला बरा.

मोबाइलवरचं ओळख-अ‍ॅप वापरायला हरकत नाही, पण त्याला नुसता फुलाचा फोटो दिला तर दोघांत गल्लत ठरलेली. एक फोटो अख्ख्या पानाचा, एक देठाच्या बुडाचा, एक शेंगेचा द्या. अ‍ॅप ‘सेना टोरा’ म्हणेल आणि थिओडोर कुक यांच्या शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथात मात्र ‘कॅसिया टोरा’ सापडेल. गोंधळू नका, झाड तेच. 1982 च्या फेरमांडणीनंतर ही मंडळी पुन्हा ‘सेना’त गेली.

आणि ओळख पक्की झाली, तरी हमरस्त्याच्या किंवा नाल्याच्या काठचा टाकळा खुडू नका. धुराची काजळी आणि सांडपाणी पिऊन वाढलेला पाला कितीही धुतला तरी स्वच्छ होत नाही. वाटा विकत घ्या, तो मुरबाडचा असतो.