कमी झालेलं ऑईल गेलं कुठे?

गणपतीच्या आधीचे दोन दिवस हातखंब्याच्या तिठ्यावर मुंबई-ठाण्याच्या नंबरांच्या गाड्यांची रांग संपत नाही. त्यातल्या कितीतरी आता ऑटोमॅटिक असतात. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये डावा पाय दमला म्हणून घेतलेली ही गाडी वर्षातून एकदोनदा सव्वातीनशे किलोमीटर धावून कोकणात येते, घाट चढते-उतरते, आणि मग गावातल्या गॅरेजसमोर उभी राहते. तक्रार ठरलेली असते. डी टाकला की गाडी लगेच उचलत नाही, दोन सेकंद विचार करते. मालकाने उपायही ठरवूनच आणलेला असतो. गिअरचं ऑईल बघा, कमी असेल तर थोडं टाका.

घोटाळा आहे तो त्या ‘थोडं टाका’मध्ये. इंजिनचं ऑईल थोडं थोडं जळतं, म्हणून ते अधूनमधून वर भरणं समजण्यासारखं आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये ऑईल जळायला जागाच नाही. तो सगळा बंद संसार आहे. तिथली पातळी खाली गेली म्हणजे ऑईल बाहेर पडलं. चेंबरच्या पॅकिंगमधून, अॅक्सलच्या सीलमधून, नाहीतर कूलरकडे जाणाऱ्या नळीच्या जोडातून. मिऱ्या, भाट्ये, पावस अशा किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीच्या लोखंडी नळ्यांवर तर आधी नजर टाकावी. रात्री गाडीखाली पुठ्ठा सरकवून ठेवला तर सकाळी डाग बोलतो. इंजिनचं ऑईल काळं-तपकिरी, हे बहुधा लाल. गळती कुठली ते लगेच कळावं म्हणूनच त्यात लाल रंग मिसळायची पद्धत पडली. मात्र काही कंपन्यांचं ऑईल हिरवं, निळं किंवा पिवळसरही असतं.

साध्या गिअरबॉक्समध्ये ऑईल फक्त वंगण असतं. खऱ्या ऑटोमॅटिकमध्ये तेच कामकरी आहे. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाच्या बाजूची पाती हे ऑईल जोराने समोरच्या पात्यांवर फेकतात आणि त्या माऱ्यानेच पलीकडचा दांडा फिरतो. पुढे त्याच ऑईलच्या दाबाने आतले क्लच आवळले जातात, गिअर बदलतात. उष्णता वाहून नेण्याचं कामही त्याचंच. आणि क्लचच्या चकत्यांनी किती घसरायचं, केव्हा घट्ट धरायचं, हेही त्यातली रसायनं ठरवतात.

जनरल मोटर्सने 1940 च्या ओल्ड्समोबिल गाडीत हायड्रामॅटिक ही मोठ्या प्रमाणावर विकली गेलेली पहिली पूर्ण ऑटोमॅटिक यंत्रणा दिली, आणि 1949 मध्ये ‘टाइप ए’ नावाचं खास ऑईल ठरवून दिलं. घर्षण नेमकं साधण्यासाठी त्या काळच्या ऑईलमध्ये स्पर्म व्हेलचं तेल घालत. कोकण किनाऱ्यावर व्हेलच्या उलटीच्या तस्करीच्या बातम्या येतात ना, तोच हा देवमासा. 1970 च्या सुमारास अमेरिकेने त्याला संरक्षण दिलं आणि रसायनशास्त्रज्ञांना दुसरा पदार्थ शोधावा लागला. तेव्हापासून प्रत्येक कंपनीचं सूत्र वेगळं होत गेलं. टोयोटाचं डब्ल्यूएस, जीएमचं डेक्सरॉन सहा, होंडाचं सीव्हीटीसाठीचं एचसीएफ-टू. रंग जवळचा असला तरी ही एकमेकांत मिसळायची नसतात.

म्हणून पाना हातात घेण्याआधी गाडीत नेमकं काय आहे ते माहीत हवं. आपल्याकडे दोन पेडलच्या सगळ्याच गाड्यांना ऑटोमॅटिक म्हणतात. 2014 मध्ये मारुतीने सेलेरिओ आणली तेव्हापासून एएमटी घरोघरी पोचली, आणि ती मुळात साधी गिअरबॉक्स आहे. क्लच दाबायला आणि गिअर टाकायला फक्त एक यंत्र बसवलेलं असतं. तिच्यात साध्या गिअरबॉक्सचंच ऑईल लागतं. सेलेरिओसारख्या गाडीत त्या यंत्राच्या हायड्रॉलिक ऑईलची छोटी डबी वेगळी. सीव्हीटीत पोलादी पट्टा दोन पुल्यांमध्ये धरलेला असतो आणि तो घसरू नये अशा बेताचंच ऑईल लागतं, तिथे खऱ्या ऑटोमॅटिकचं लाल ऑईल ओतणं म्हणजे पट्ट्याची वाट लावणं. ड्युअल क्लचचे आणखी दोन प्रकार, कोरडा आणि ओला. गाडीचं मॅन्युअल उघडून नाव वाचल्याशिवाय डबा फोडू नये. दुकानदाराचं ‘सगळ्याला चालतं’ मला कधीच पटलेलं नाही.

आता तपासणी. जुन्या पिढीच्या गाड्यांना गिअरबॉक्सचं वेगळं गेज असतं. दहा-पंधरा किलोमीटर चालवून गाडी सपाटीला उभी करायची, हँडब्रेक ओढायचा, इंजिन चालू ठेवून ब्रेकवर पाय दाबून दांडी पी-आर-एन-डी अशी प्रत्येक जागी दोन-तीन सेकंद थांबवत फिरवायची आणि पुन्हा पी. मग गेज काढून, पुसून, परत घालून ‘हॉट’च्या खुणांमध्ये वाचायचं. होंडाच्या काही गाड्यांत मात्र इंजिन बंद करून मिनिट-दीड मिनिटाच्या आत बघायचं असतं. पुसायला सुती पण धागे न सुटणारं फडकं घ्यावं. आतल्या झडपांच्या वाटा इतक्या बारीक असतात की एक धागाही पुरतो.

नव्या गाड्यांना गेजच नाही. बाजूला भरायचा बोल्ट, खाली पातळीचा बोल्ट. इंजिन चालू, ऑईल ठरलेल्या तापमानाला, आणि खालचा बोल्ट सोडला की बारीक धार येऊन थेंबांवर आली पाहिजे. धार जोरात आली तर जास्त, काहीच आलं नाही तर कमी. हे तापमान कुणाचं 30 ते 50 अंश, कुणाचं 35 ते 45, आणि ते स्कॅनर लावून वाचायचं. गरम ऑईल फुगतं, म्हणून तापमानाशिवाय पातळीला काही अर्थ नाही. रत्नागिरीत गंमत अशी की मे महिन्यात दुपारी गॅरेजमधलं वातावरणच 33-34 अंशांचं. इंजिन चालू केलं की ती दहा अंशांची खिडकी बघता बघता निघून जाते. कोल्हापुरातून आंबा घाट उतरून थेट आलेल्या गाडीची पातळी तर त्या दिवशी बघूच नये. रात्रभर उभी ठेवून सकाळी पहिलं काम ते करावं. दुसरी अडचण सपाट जागेची. आमच्याकडे अंगण म्हणजे उतार. पुढची चाकं जॅकवर उचलून पातळी काढली तर ती चुकीचीच, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाणं म्हणजे जिवाशी खेळ. त्यामुळे चारही चाकं एका पातळीत उचलणारी लिफ्ट किंवा खड्डा असलेलं गॅरेज बघावं.

जास्त भरणंही तितकंच वाईट. फिरते भाग ऑईल ताकासारखं घुसळतात, फेस होतो, फेसाला दाब धरता येत नाही आणि क्लच घसरतात. म्हणजे कमी ऑईलची आणि जास्त ऑईलची तक्रार एकच, आणि अंदाजाने ओतणारा माणूस मूळ दुखणं वाढवून ठेवतो.

ऑईलचा थेंब पांढऱ्या कागदावर टाकून बघावा. लालसर पारदर्शक ठीक. तपकिरी म्हणजे वय झालं. काळं आणि करपट वास म्हणजे क्लचच्या चकत्या जळल्या, आता नुसतं ऑईल बदलून फारसं साधणार नाही. गुलाबी दुधाळ रंग सगळ्यात वाईट, कारण आत पाणी शिरलंय. कधी रेडिएटरमधला कूलर फुटून, कधी पुरातून. 22 जुलै 2021 ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा अख्ख्या गाड्या बुडाल्या होत्या. पण गाडी बुडावीच लागते असं नाही. गिअरबॉक्सला हवेसाठी एक श्वासनळी असते. तापलेली गिअरबॉक्स पाण्यात गेली की आतली हवा आकसते आणि तीच नळी पाणी ओढून घेते. क्लचच्या चकत्यांवरचं अस्तर कागदासारखं, गोंदाने चिकटवलेलं. पाण्याने ते सुटतं. पाण्यातून निघालेली गाडी चालू करून बघण्याचा मोह आवरावा आणि ऑईल आधी तपासावं.

अशी गाडी जीपला दोर बांधून ओढत नेण्याची आपली जुनी सवयही इथे महागात पडते. इंजिन बंद म्हणजे गिअरबॉक्सचा पंप बंद. गिअरबॉक्सला जोडलेल्या चाकांबरोबर आतले भाग कोरडे फिरतात. गाडी ट्रकवर चढवून न्यावी.

बदलायचं कधी? काही कंपन्या ‘लाइफटाइम’ म्हणतात. पण अनेक महागड्या गाड्यांची गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतः 80,000 ते 1,20,000 किलोमीटर किंवा फार तर आठ वर्षं सांगते, मग मी त्यांचं ऐकेन. चिरे भरलेल्या ट्रकमागे रांगत घाट चढणाऱ्या गाडीने अलीकडचा आकडा धरावा. ढोबळ हिशेब असा आहे की तापमान दहा-अकरा अंशांनी वाढलं की ऑईलचं आयुष्य निम्मं होतं.

चेंबर उघडल्यावर निम्म्याहून कमीच ऑईल निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून निघालेलं मोजून तेवढंच भरावं, थोडं चालवावं, आणि गरज वाटली तर पुन्हा तेच करावं. चेंबरमधल्या चुंबकांवर करडी बारीक भुकटी असणारच. चकाकणारे तुकडे दिसले तर काम थांबवून गिअरबॉक्सच्या जाणकाराला दाखवावं. निघालेलं ऑईल मागच्या पऱ्यात ओतू नये. जांभा ते शोषतो आणि ते खालच्या विहिरीत उतरतं. गॅरेजवाल्याकडून जुनं ऑईल नेणारे असतात, त्यांच्याकडेच ते द्यावं. आणि बिलावर ऑईलचं पूर्ण नाव, किती लिटर आणि किती किलोमीटरला घातलं हे लिहून घ्यावं, म्हणजे पुढच्या वेळी मुंबईतला मेकॅनिक वेगळंच काही ओतणार नाही.