‘जुना माल आहे, तक्रार कसली?’

वापरलेला मोबाइल किंवा लॅपटॉप ऑनलाइन मागवला आणि हाती पडलेली वस्तू जाहिरातीतल्या वर्णनाशी जुळली नाही, की घेणाऱ्याला घरीदारी एकच वाक्य ऐकावं लागतं : ‘सेकंड हँड घेतलंस ना? मग आता बोंब मारून काय उपयोग!’ विकणारा हेच म्हणतो. ग्राहक सेवेच्या फोनवरचं माणूसही गोड शब्दांत हेच सांगतं. चार दिवसांनी फसलेल्यालाही ते पटतं आणि तो गप्प बसतो. वापरलेल्या वस्तूच्या खरेदीला कायद्याचं संरक्षण नाही, हा समज इतका पसरला आहे, की सुशिक्षित माणसंही तो ठामपणे सांगतात. तो साफ चुकीचा आहे, आणि फसवणाऱ्यांचा धंदा त्याच्याच जोरावर चालतो.

वस्तू जुनी असणं वेगळं आणि तिचं वर्णन खोटं असणं वेगळं. तीन वर्षं वापरलेल्या फोनची बॅटरी नव्यासारखी टिकणार नाही, कडांवर ओरखडे असणार, हे घेणाऱ्याने कमी किमतीच्या बदल्यात पत्करलेलं असतं. त्याबद्दल तक्रार चालणार नाही, चालूही नये. पण ‘१६ जीबी रॅम’ लिहून ८ जीबीचा लॅपटॉप पाठवला, ‘डिस्प्ले ओरिजिनल’ म्हणून बाजारातला स्वस्त पॅनेल बसवलेला फोन दिला, ‘कधीच उघडलेला नाही’ म्हणून पाण्यात पडून दुरुस्त झालेला फोन गळ्यात मारला, तर वस्तूच्या वयाचा इथे संबंध काय?

मालविक्रीचा कायदा १९३० सालचा आहे. त्याचं कलम १५ सांगतं, की वर्णनावरून माल विकला असेल तर तो त्या वर्णनाशी जुळलाच पाहिजे. ही अट व्यवहारात गृहीतच असते, वेगळी लिहावी लागत नाही. ती फक्त नव्या मालाला लागू आहे, असं त्या कलमात कुठेही नाही. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत निदान वस्तू हातात घेऊन, चालू करून बघता येते. ऑनलाइन खरेदीत वर्णन आणि फोटो याशिवाय घेणाऱ्याकडे काहीच नसतं. म्हणजे या कलमाची सर्वांत जास्त गरज जिथे आहे, नेमकं तिथेच लोक ते लागू नाही असं धरून चालतात.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ यातही ‘ग्राहक’ म्हणजे मोबदला देऊन वस्तू घेणारा. पुन्हा विकण्यासाठी किंवा व्यापारी कामासाठी घेणारा त्यातून वगळला आहे. जुनी वस्तू घेणारा वगळलेला नाही. स्वतःच्या पोटापाण्याच्या स्वयंरोजगारासाठी लॅपटॉप घेतला असेल, तरी तुम्ही ग्राहकच. त्यातच २०२० सालच्या ई-कॉमर्स नियमांनी शंकेला जागाच ठेवलेली नाही. वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितलेली वैशिष्ट्यं तिच्यात नसतील, तर मार्केटप्लेसवरच्या विक्रेत्याला ती परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देता येत नाही. ‘नो रिटर्न’चा शिक्का विक्रेते यावर उत्तर म्हणून पुढे करतात. घेणाऱ्याचं मन बदललं, रंग आवडला नाही, अशा वेळी तो शिक्का कामाचा आहे. खोट्या वर्णनावरचं पांघरूण म्हणून तो वापरता येत नाही.

आता या गैरसमजात जो थोडा तथ्यांश आहे, त्याकडे वळू. हे ई-कॉमर्स नियम धंदा म्हणून नियमितपणे विकणाऱ्यांसाठी आहेत. एखाद्याने घरातला स्वतःचा जुना फोन वर्गीकृत जाहिरातीच्या ॲपवर टाकून विकला, तर त्या खासगी व्यवहाराला ते लागू होत नाहीत. नियमांतच तसं लिहिलं आहे. म्हणून सगळ्यात आधी समोरचा कोण आहे, हे पाहावं. ‘घरगुती वापर, अर्जंट विकणे’ असं लिहिणाऱ्याच्याच नावावर आणखी दहा-बारा फोन विक्रीला असतील, तर तो दुकानदार आहे, मग स्वतःला काही का म्हणवेना. त्याची बाकीची यादीही पुरावा म्हणून जपून ठेवा.

विकणारा खरोखरच खासगी माणूस असला, तरी त्याला खोटं बोलायची मुभा मिळत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम १९ नुसार फसवणुकीने किंवा चुकीच्या माहितीच्या आधारे संमती मिळवली असेल, तर तो करार रद्द करण्याचा हक्क फसलेल्या बाजूला आहे. किंवा करार कायम ठेवून, सांगितलेलं खरं असतं तर आपण ज्या स्थितीत असतो त्या स्थितीत आणून ठेवा, असाही आग्रह धरता येतो. हा दुसरा मार्ग फारसा कुणाला ठाऊक नसतो. लॅपटॉप कामाचा आहे पण रॅम निम्मीच आहे, अशा वेळी फरकाची रक्कम मागणं दोघांनाही सोयीचं पडतं. मात्र याच कलमात एक अपवाद आहे. विक्रेत्याने चुकीचं सांगितलं किंवा दोष लपवून तो गप्प राहिला, पण साधारण दक्षता घेतली असती तर खरं काय ते घेणाऱ्याला कळलं असतं, तर करार रद्द करता येत नाही. समोरासमोर फोन घेताना पाच मिनिटं तपासणीत घालवायची ती म्हणूनच. तिथे संकोच करू नका.

तक्रार करायची तर क्रम साधा आहे. पहिलं काम म्हणजे जाहिरातीचा स्क्रीनशॉट. वाद सुरू होताच ती गायब होते किंवा तिच्यातले शब्द बदलतात. मग विक्रेत्याला लेखी कळवा : वर्णनात काय होतं, आलं काय आणि तुम्हाला हवं काय. फोनवरच्या रागाला पुरावा नसतो. मार्केटप्लेसच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण द्यायचं असतं. तक्रारीचा क्रमांकही मिळायला हवा. ‘आम्ही फक्त मध्यस्थ’ एवढं म्हणून कंपनीला सुटता येत नाही, कारण खरेदीनंतर लेखी मागणी केल्यास विक्रेत्याची माहिती देणं तिला बंधनकारक आहे. तिथे दाद लागली नाही, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग.

आयोगाचं नाव काढलं की लोक वकिलाच्या फीचा आणि तारखांचा विचार करून माघार घेतात. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. विक्रेता दिल्लीचा असला, तरी तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. साताऱ्याच्या माणसाने दिल्लीला खेटे घालायचे नाहीत. तक्रार ऑनलाइन दाखल होते आणि मुदत दोन वर्षांची असते. आयोगाचं काम वेगाने चालतं, असं मी म्हणणार नाही. पण आयोगाची नोटीस येईपर्यंत विक्रेत्याने ताणायचं आणि तिथवर ग्राहकाने जायचंच नाही, असं चालू राहिलं, तर ‘जुना माल आहे’ हे उत्तर उद्याही तसंच ऐकू येणार.

बाकीचे समज थोडक्यात.

‘आय७ आहे म्हणजे आय५ पेक्षा भारी.’ पिढी न बघता हे बोलू नये. आय७-७६००यू या प्रोसेसरमध्ये दोन कोअर आहेत आणि त्यानंतरच्या पिढीतल्या आय५-८२५०यूमध्ये चार. शिवाय सातव्या पिढीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वर्णनात नुसतंच ‘आय७’ असेल, तर पूर्ण क्रमांक लिहून मागा.

‘बॅटरी चांगली आहे हे विक्रेत्याच्याच शब्दावर मानायचं.’ विंडोज लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टमधून बॅटरी रिपोर्ट काढता येतो. मूळ क्षमता आणि आता उरलेली क्षमता त्यात शेजारी शेजारी दिसतात. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये बॅटरी हेल्थ दिसते, आणि अलीकडच्या मॉडेलांत कोणते भाग बदलले तेही.

‘अनबॉक्सिंगचा व्हिडिओ नसेल तर केस संपली.’ तो असेल तर उत्तमच. पण असा व्हिडिओ हवाच, असं कायदा कुठेही म्हणत नाही. जाहिरात, बिल, चॅट आणि दुरुस्ती करणाऱ्याचा लेखी अभिप्राय हाही पुरावाच आहे.

‘पैसे परत मिळण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाकावा लागतो.’ यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, पैसे घेताना कधीच नाही. पिन टाकून पैसे गेलेच, तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

‘बिल नसलं तरी चालतं, फोन चालू आहे ना!’ फोन चोरीचा असू शकतो. *#०६# दाबून आयएमईआय क्रमांक बघा आणि पैसे देण्याआधी ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर तो तपासा. केवायएम लिहून, जागा सोडून क्रमांक टाकून १४४२२ वर एसएमएस केला तरी उत्तर येतं. ‘ब्लॅकलिस्टेड’ असं उत्तर आलं, तर भाव कितीही उतरला तरी तो फोन घेऊ नका. घेऊन झाल्यावर हे कळलं असेल, तर तो दुसऱ्याला विकू नका, पोलिसांकडे जा. चोरीचा आहे हे ठाऊक असताना माल जवळ ठेवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे.